एका कलावंताला एकच कप्पा: गाणी भरून मिळणाऱ्या प्लेअरचा आठ महिन्यांचा अनुभव

आईच्या पंचाहत्तरीला काय द्यावे यावर घरात बरीच चर्चा झाली. अखेर जुन्या रेडिओच्या तोंडवळ्याचा, आधीच मराठी गाणी भरलेला एक प्लेअर घेतला. किंमत सहा हजारांच्या आत होती. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोषाबद्दल मला मुख्यतः लिहायचे आहे, तो त्याच दुकानात शेजारच्या फळीवर ठेवलेल्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रातही जसाच्या तसा होता; तेव्हा एकीवर ठपका ठेवून दुसरीचा माल खपवण्यात काही हशील नाही. यंत्र गेले आठ महिने रोज वापरात आहे, त्यामुळे हे मत पहिल्या आठवड्याच्या उत्साहातले किंवा वैतागातले नव्हे.

बाह्यांगाबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. उचलायला हलके आहे, आवाजाचा खटका मोठा असल्यामुळे सांधे दुखणाऱ्या बोटांनाही तो फिरवता येतो, रात्रभर चार्ज केले की आमच्याकडे पाच-साडेपाच तास सहज चालते, एफएम लागते आणि मागे पेन ड्राइव्ह लावायची सोय आहे. सकाळी साडेसहाला आई ओट्यावर चहाचे आधण ठेवते तेव्हाच ते सुरू होते, आणि कुकरच्या शिट्टीवर मात करण्याइतका दम त्याच्या आवाजात आहे. ज्यांना पार्श्वभूमीला काहीतरी ओळखीचे वाजत राहावे एवढेच हवे आहे, त्यांनी पुढचे न वाचता खुशाल विकत घ्यावे.

ज्यांना मात्र एखाद्या कलावंताला नीट, सलग ऐकायचे आहे, त्यांची गोष्ट वेगळी. समोरच्या खटक्यावर दोन वाटा आहेत, एक ‘कलावंत’ आणि दुसरी ‘प्रकार’. प्रकारांत भावगीते, नाट्यगीते, भक्तिगीते, चित्रपटगीते, लावणी आणि विनोद असे कप्पे आहेत. सोबत एक छोटी पुस्तिका मिळते, तिच्यात प्रत्येक गाणे कुठल्या कप्प्यात सापडेल ते बारीक अक्षरांत छापलेले आहे. वरवर पाहता व्यवस्था चोख वाटते. अडचण अशी, की एक गाणे एकाच कप्प्यात ठेवलेले आहे आणि एक माणूसही एकाच कप्प्यातला मानलेला आहे. मराठी रंगभूमीवरच्या आणि संगीतातल्या ज्या माणसांसाठी आपण असले यंत्र घेतो, ती माणसे नेमकी एका कप्प्यात न मावणारी होती.

पहिल्याच रविवारी याचा प्रत्यय आला. आईला वसंतराव देशपांडे यांचे ‘दाटून कंठ येतो’ ऐकायचे होते. ‘कलावंत’ या वाटेने वसंतरावांच्या नावावर गेलो तर अकरा गाणी मिळाली, आणि अकराही नाट्यगीते. ‘घेई छंद मकरंद’, ‘तेजोनिधी लोहगोल’, ‘सुरत पिया की’ ही त्यात होतीच; हवे होते ते नव्हते. मी पुस्तिका घेऊन चष्मा पुसत बसले. ‘दाटून कंठ येतो’ चित्रपटगीतांत निघाले, ‘अष्टविनायक’ या चित्रपटाच्या नावाखाली. त्याच चित्रपटातले ‘प्रथम तुला वंदितो’ हे भक्तिगीतांत होते आणि त्यापुढे नाव एकट्या अनुराधा पौडवाल यांचे. ‘बगळ्यांची माळ फुले’ भावगीतांत होते. ‘ही कुणी छेडिली तार’ आशा भोसले यांच्या यादीत सापडले; दुसरा आवाज कोणाचा याचा तिथे उल्लेखच नाही. आई तोवर शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, “अगं, वसंतरावांचा आवाज आहे तो, कुणाचं का नाव लिहीना त्यांनी.” चार कप्प्यांत विखुरलेला एक माणूस गोळा करायला आम्हाला पाऊण तास लागला.

यात एवढे काय बिघडले, गाणी तर मिळाली ना, असे कोणी म्हणेल. मला वाटते, बरेच बिघडले. वसंतरावांनी बालवयात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात कृष्णाची भूमिका केली, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण घेतले, लाहोरला जाऊन असद अली खाँ यांच्याकडून मारवा रागाची तालीम घेतली, तबला आणि पेटी दोन्ही हातात ठेवली, आणि एवढे सगळे करूनही आयुष्याची कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. दिवसा आकडे, संध्याकाळी सूर. ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले ते डिसेंबर १९६७ मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेल्या त्या नाटकातला, वसंतरावांनी उभा केलेला खाँसाहेब आफताब हुसेन हा घराण्याचा अभिमान जपणारा, हार सहन न होणारा माणूस आहे. त्याचे गाणे हे त्याचे बोलणे आहे. त्यानंतर बारा वर्षांनी, १९७९ मध्ये, ‘अष्टविनायक’ चित्रपटात हाच माणूस मुलीची पाठवणी करणारा बाप म्हणून उभा राहतो आणि तोच गळा, जो लखलखत्या तानांनी समोरच्याला नामोहरम करत होता, एकेक शब्द हाताने पुसून ठेवावा तसा हळू होतो. ही दोन गाणी एकापाठोपाठ ऐकली, तरच गायक आणि नट एकाच शरीरात कसे नांदत होते ते कानाला कळते. यंत्राने त्यांना अशा दोन खोल्यांत ठेवले आहे, की एका खोलीतून दुसरीत जायला दारच नाही.

‘कट्यार’बद्दल आणखी एक. मूळ संचात पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर, सदाशिवच्या भूमिकेत प्रसाद सावकार आणि झरीनाच्या भूमिकेत फैय्याज होत्या. फैय्याज यांचे नाव ‘कलावंत’ यादीत नाहीच. त्या ‘अन्य’ या नावाच्या कप्प्यात आहेत. शिरवाडकरांच्या ‘वीज म्हणाली धरतीला’ मधले ‘चार होत्या पक्षिणी त्या’ हे त्यांचे पद आणि ‘कट्यार’मधली झरीना हे एकाच अभिनेत्रीचे काम आहे, हे ज्याला आधीच ठाऊक नाही त्याला या यंत्रातून कधीही कळणार नाही. अभिनय करणारी स्त्री गात असली की तिला गायिकांत धरायचे की नटींत, हा प्रश्न यादी करणाऱ्याला पडला असावा आणि त्याने तिला ‘अन्य’ करून तो सोडवला असावा.

संगीतकाराच्या नावाने तर शोधताच येत नाही. सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते. ‘कट्यार’चे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ १९६४ मध्ये गोवा हिंदु असोसिएशनने रंगमंचावर आणले, त्याचेही संगीत त्यांचेच. त्याआधीच्या नाट्यसंगीतात एकेक पद नटाच्या आवडीने आणि प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’ने लांबत जाई, अभिषेकींनी पद आटोपशीर केले, प्रसंगाशी बांधले आणि तरीही रागाची मूस मोडू दिली नाही. ‘मत्स्यगंधा’मधले रामदास कामत यांचे ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’ ऐकावे आणि लगेच खाँसाहेबांची पदे ऐकावीत, म्हणजे एकच संगीतकार दोन वेगळ्या गळ्यांसाठी, दोन वेगळ्या स्वभावांसाठी कसा वेगळा विचार करतो ते ध्यानात येते. यंत्रातल्या ‘अभिषेकी’ या नावाखाली मात्र त्यांनी स्वतः गायलेली तेवढीच गाणी आहेत. मंगेशीत जन्मलेला, मुंबई आकाशवाणीवर कोकणी विभागात काम केलेला, ख्याल गाणारा, ‘काटा रुते कुणाला’ सारखे पद स्वतः बांधून स्वतः गाणारा आणि शिवाय दुसऱ्यांच्या गळ्यांना घाट देणारा हा माणूस इथे निम्म्याहून कमी उरला आहे.

गोविंदराव टेंबे यांच्या वाट्याला तेवढेही आलेले नाही. पेटीवादक म्हणून भास्करबुवा बखले यांच्या साथीला बसलेले, कृ. प्र. खाडिलकरांच्या १९११ मधल्या ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे, पुढे स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढणारे, १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात दुर्गा खोटे यांच्यासमोर हरिश्चंद्र झालेले आणि त्याच चित्रपटाचे संगीतही करणारे, आणि एवढ्यावर न थांबता आत्मचरित्र लिहिणारे टेंबे. एका माणसाने यातली दोन कामे केली असती तरी त्याचे नाव राहायला हरकत नव्हती. यंत्रात ‘मानापमान’ची सहा पदे आहेत. पुस्तिकेत त्यांच्यापुढे संगीतकाराच्या रकान्यात छापले आहे ‘पारंपरिक’. मी ते दोनदा वाचले. आईने पुस्तिका माझ्या हातातून घेतली, फडताळातून शिसपेन्सिल काढली आणि त्या शब्दावर रेघ मारून शेजारी ‘गो. टेंबे’ असे लिहिले.

पु. ल. देशपांडे यांचा कप्पा शोधायला मात्र वेळ लागला नाही. ते ‘विनोद’मध्ये आहेत. कथाकथनाचे तुकडे आहेत, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे आणि ते ऐकायला आनंदही होतो. परंतु ‘नाच रे मोरा’ ही चाल त्यांची, ‘इंद्रायणी काठी’ त्यांची, ‘माझे जीवन गाणे’ आणि ‘शब्दावाचून कळले सारे’ ही अभिषेकींनी गायलेली, मंगेश पाडगावकरांनी लिहिलेली गीतेही त्यांच्याच चालीची; १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ मध्ये तर कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका एवढे सगळे एका माणसाने उचलले होते. ‘ही कुणी छेडिली तार’ हे वर ज्याचा उल्लेख आला ते द्वंद्वगीत त्याच चित्रपटातले, म्हणजे चाल पु.लं.ची, एक आवाज वसंतरावांचा, आणि यादीत मात्र दोघेही नाहीत! हसवणारा माणूस एकदा हसवणारा ठरला की त्याच्या पेटीकडे कुणी लक्ष देत नाही, ही तक्रार यंत्रापुरती नाही. पण यंत्राने ती पक्की करून ठेवली आहे.

ध्वनीच्या दर्जाबद्दल संमिश्र मत आहे. साठनंतरची ध्वनिमुद्रणे उत्तम आहेत. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेल्या गाण्यांचे मात्र धुणे जरा जास्त झाले आहे. खरखर जावी हे कोणालाही आवडेल, पण खरखरीबरोबर ऑर्गनचा श्वास आणि सारंगीची धारही पुसली गेली आहे. बालगंधर्वांच्या गाण्यात तर ही साथ म्हणजे केवळ आधार नव्हती. त्यांच्या मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष बसत असत. तबल्याच्या इतिहासातला एवढा मोठा माणूस नाटक कंपनीच्या साथीला बसतो, यावरून त्या काळी मैफल आणि रंगमंच यांच्यात आजच्याएवढी भिंत नव्हती हे कळावे. मास्टर दीनानाथ यांच्या ‘परवशता पाश दैवे’ मधली ती झेप मात्र कितीही धुतली तरी टिकून आहे. त्यांनी १९१८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर बलवंत संगीत मंडळी काढली, ‘भावबंधन’ नाटकात लतिकेची भूमिका केली, पुढे बोलपटाच्या लाटेत कंपनीने सांगलीला चित्रपटही काढून पाहिला. स्त्रीभूमिका करणारा हा नट तसले आक्रमक, वीजेसारखे गाणे कसे गात असेल, असा प्रश्न आईला दर वेळी पडतो आणि दर वेळी ती तो मोठ्याने विचारते.

जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत कितीतरी अधिक वेळ चाले. तेव्हा या यंत्रात आपण ऐकतो ते बालगंधर्वांचे ‘नाथ हा माझा’ म्हणजे प्रयोगातले पद नव्हे, तबकडीच्या मापाने बेतलेले पद आहे. पुस्तिकेत याविषयी एक ओळ असती तर नव्या ऐकणाऱ्याचा गैरसमज टळला असता.

एका ठिकाणी मात्र कंपनीने मनापासून काम केले आहे, आणि ते सांगायला हवे. ‘गीतरामायण’ला स्वतंत्र बटण आहे. छप्पन्नही गीते क्रमाने लागतात, प्रत्येकाच्या आधी निवेदन येते, आणि पुस्तिकेत ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके ही दोन्ही नावे ठळक आहेत. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून त्याचे प्रसारण सुरू झाले तेव्हा वेगवेगळ्या पात्रांची गीते वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. यंत्रात आहे ते फडक्यांच्या आवाजातले. इथे संगीतकार आणि गायक एकच असल्यामुळे यादी करणाऱ्याची अडचण झाली नाही, हे खरे. पण क्रम लावता येतो, श्रेय देता येते, निवेदन जोडता येते, हे त्यांनीच इथे दाखवून दिले असल्यामुळे बाकीच्या ठिकाणचे हात आखडणे अधिक खुपते.

ग्राहक सेवेला फोन केला. फोन लगेच उचलला गेला, बोलणारी मुलगी नम्र होती. संगीतकाराच्या नावाने गाणी शोधायची सोय पुढच्या आवृत्तीत होईल का, असे विचारले. “मॅडम, आर्टिस्टमध्ये बघा ना, आर्टिस्ट म्हणजे सिंगर,” असे उत्तर आले. मी टेंबे यांचे नाव सांगितले तेव्हा तिने ते लिहून घेतले आणि आडनाव दोनदा विचारले. लेखी उत्तर आजतागायत आलेले नाही. त्याउलट, तिसऱ्या महिन्यात चार्जर बिघडला तेव्हा दुकानदाराने तो वॉरंटीत, विनातक्रार, दहा मिनिटांत बदलून दिला.

यावर आम्ही काढलेला तोडगा पेन ड्राइव्हचा आहे, आणि ज्यांच्याकडे हे यंत्र आधीच आहे त्यांनी तो करून पाहावा. आमच्याकडे घरी घेतलेल्या सीडी होत्या, मामाकडेही बऱ्याच होत्या. त्यांतली गाणी संगणकावर घेऊन प्रत्येक कलावंताचा एक फोल्डर केला. त्यात त्याने गायलेले, त्याने बांधलेले आणि त्याने साथ केलेले असे सगळे एकत्र ठेवले. यंत्र फोल्डरची नावे देवनागरीत दाखवत नाही, रोमन अक्षरांतच द्यावी लागतात, आणि फोल्डरमधली गाणी नावाच्या वर्णक्रमाने लागतात. त्यामुळे प्रत्येक गाण्याच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालावे लागले. एक संध्याकाळ गेली. आता वसंतरावांच्या फोल्डरमध्ये पहिले गाणे ‘तेजोनिधी लोहगोल’ आहे आणि दुसरे ‘दाटून कंठ येतो’. हा क्रम आईने लावला. ज्योत्स्ना भोळे यांच्या फोल्डरमध्ये ‘बोला अमृत बोला’ आहे, आणि ते ज्यातले, त्या ‘कुलवधू’ नाटकाच्या संगीतासाठी मास्टर कृष्णराव यांच्या फोल्डरमध्येही ते दुसऱ्यांदा ठेवले आहे. एक गाणे दोन ठिकाणी ठेवल्याने यंत्राचे काहीही बिघडत नाही, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

नवीन घेणाऱ्यांना सल्ला द्यायचा तर असा: दुकानात गेल्यावर आवाज मोठा करून बघण्याआधी पुस्तिका मागून घ्यावी आणि तिच्यात तीन नावे शोधावीत, गोविंदराव टेंबे, फैय्याज आणि पु. ल. देशपांडे. तिन्ही नीट सापडली तर किंमत थोडी जास्त असली तरी ते यंत्र घ्यावे. मी पाचपैकी तीन तारे देते. त्यातला एक ‘गीतरामायण’साठी आणि एक त्या मोठ्या खटक्यासाठी. आमची पुस्तिका आता प्लेअरच्या खाली, रबर लावून ठेवलेली असते. पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्यांची संख्या काल रात्री एकोणचाळीस झाली.